"मला पण एक विणून दे ना": थंडी आली की सुयाच नकोशा वाटतात

प्रश्न, थोडक्यात:

नाशिकहून एका मैत्रिणीचं लांबलचक पत्र आलंय. वय ३८, बँकेत नोकरी. लहानपणी आजीच्या शेजारी बसून सुलट-उलट टाके शिकली, पुढे शाळा-कॉलेज-नोकरीत ते सुटलं. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत परत सुया हातात घेतल्या. रात्रीची जेवणं उरकली की तासभर विणायचं, "दिवसभर कॅश आणि कस्टमर, आणि मग तो एक तास माझा." मनालीच्या ट्रिपमध्ये खरी लोकर मिळाली म्हणून तिने दोन रंगांत घेतली. निळ्याचा भाच्याला स्वेटर केला आणि जांभळी स्वतःच्या शालीसाठी ठेवली. स्वेटरचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि तिथून फर्माइशी सुरू झाल्या. यंदा दिवाळीच्या फराळाला सगळे जमले तेव्हा यादी सातावर गेली. जाऊबाईंना पूर्ण बाह्यांचा स्वेटर, सासऱ्यांना हाफ स्वेटर, नणंदेला फेब्रुवारीत बाळ होणार म्हणून बाळाचा सेट, ऑफिसातल्या मैत्रिणीला पोंचो, शेजारच्या काकूंना क्रोशाचं तोरण, आणि दोन टोप्या. कुणालाच नाही म्हणता आलं नाही. आता उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखतं, जांभळी लोकर अजून पिशवीतच आहे, आणि भाऊबीजेला माहेरी गेली तर तो निळा स्वेटर आकसून एवढासा होऊन गाडी पुसायच्या फडक्यांमध्ये पडलेला दिसला. त्या रात्री ती खूप रडली. विचारते, "ताई, विणकाम बंदच करून टाकू का? की सरळ पैसे लावू? नाही म्हटलं तर नाती बिघडतात, हो म्हटलं तर मीच बिघडतेय."

उत्तर:

अगं, पत्रात ताई म्हणालीस म्हणून अगंतुगं करतेय, चालेल ना.

आधी त्या निळ्या स्वेटरबद्दल, कारण मला वाटतं तुझं सगळं पत्र तिथूनच आलंय. सात जणांच्या फर्माइशी तू कशाबशा पेलत होतीस, पण ते फडकं बघितलंस आणि आतून काहीतरी तुटलं. साहजिकच आहे, कुणालाही लागेल. पण मला एक विचारायचंय, तो स्वेटर देताना तो धुवायचा कसा हे वहिनीला सांगितलं होतंस का? मनालीची खरी लोकर म्हणतेस. खऱ्या लोकरीच्या केसाला बारीक खवले असतात, गरम पाणी, साबण आणि घुसळणं हे तिन्ही एकत्र झालं की ते खवले एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत, कपडा आकसतो, जाड होतो, दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखा होतो. वॉशिंग मशीनमध्ये नेमकं तेच होतं. आणि आपल्याकडे दुकानात ज्याला सर्रास लोकर म्हणतात ना ती बहुतेक वेळा अक्रिलिक असते, ती मशीनमध्ये टाकली तरी आकसत नाही. वहिनीने आयुष्यभर तेच स्वेटर धुतले असणार. तिने तुझाही तसाच टाकला, बाहेर काढला तर बाहुलीला बसेल एवढा झालेला, मग तुला सांगायची हिंमत झाली नसेल आणि टाकायचाही जीव झाला नसेल, म्हणून तो फडक्यांत गेला. मी तिथे नव्हते, त्यामुळे असंच झालं असं छातीठोक सांगू शकत नाही. पण "माझ्या कष्टांची किंमत नाही" हा एकच अर्थ त्यातून निघतो असं मला वाटत नाही. एकदा फोन करून नुसतं विचार, "वहिनी, तो निळा स्वेटर धुताना आकसला का गं?" चढ्या आवाजात नको, सहज विचार. तिचा जीव भांड्यात पडेल बघ.

आणि तो स्वेटर परत मागून घे. असा आकसलेला कपडा उसवता येत नाही, पण कापता येतो, कडेने धागे निघत नाहीत. त्यातून चहाच्या किटलीचं टोपरं होईल, गरम भांडं उचलायची जाड फडकी होतील. खरी लोकर पटकन पेट घेत नाही, त्यामुळे गॅसजवळ ती अक्रिलिकपेक्षा कितीतरी बरी. अक्रिलिक वितळून हाताला चिकटतं, त्याची फडकी कधी करू नकोस. कुठली लोकर कुठली हे कळत नसेल तर एक छोटा तुकडा चिमट्यात धरून सिंकवर पेटवून बघायचा, केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली तर खरी, आणि वितळून कडक मणी झाला तर अक्रिलिक.

आता त्या यादीकडे वळू. तू लिहितेस, "सगळ्यांना माझा वेळ फुकट वाटतो." खरंच वाटतो का गं? की त्यांना वेळ लागतो हेच माहीत नाही? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि माझा कल दुसरीकडे आहे. आपण जरा हिशोब करू. जाऊबाईंचा स्वेटर धर, छाती १०० सेंटिमीटर, साधी मध्यम जाडीची लोकर, ८ नंबरची, म्हणजे ४ मिलीमीटरची सुई. १० सेंटिमीटरला साधारण २२ टाके आणि २८ ओळी बसतात. म्हणजे मागचा भाग, छातीच्या निम्मा, ११० टाके रुंद आणि ६० सेंटिमीटर लांबीला १६८ ओळी, झाले १८,४८० टाके. पुढचा भाग तेवढाच. दोन बाह्या मिळून आणखी १८,००० च्या आसपास. एकूण ५५,००० टाके! मिनिटाला २० टाके असा बरा वेग धरला तरी ४६ तास, आणि त्यात गळा, शिवण, चुकलं म्हणून उसवलेलं काहीच धरलेलं नाही. तू रोज रात्री एक तास विणतेस, दिवाळी ते संक्रांत म्हणजे फार तर ७०-८० तास होतात. म्हणजे यंदाच्या थंडीत तुझ्या हातून मोठ्या माणसांचे दोन स्वेटरसुद्धा धड पूर्ण होत नाहीत, आणि तू सात गोष्टींना हो म्हणून बसलीयस. हा आकडा त्यातल्या किती जणांना माहीत आहे? तुझ्या नवऱ्याला तरी माहीत आहे का?

माझी आई आणि तिच्या मैत्रिणी विणायच्या तेव्हा हा प्रश्न आला नाही, कारण विचारणारीसुद्धा विणणारीच असायची. शाळेच्या स्टाफरूममध्ये, ट्रेनमध्ये, हिवाळ्यात सकाळी गच्चीत ऊन खात, जिकडेतिकडे सुया चाललेल्या असायच्या, त्यामुळे एका स्वेटरमागे काय लागतं हे मागणारीला हाताने माहीत होतं. आणि मागायचीही एक पद्धत होती. ती आधी लोकर आणून द्यायची. नुसतं "मला पण एक" नाही, ४००-५०० ग्रॅम लोकर, बटणं, मापाला जुना स्वेटर, असं सगळं पिशवीत घालून यायची. मग आईचं विणून होईपर्यंत तिच्याकडून काही ना काही येत राहायचं. आमच्या समोरच्या काकू आईकडून दर दोन वर्षांनी एक स्वेटर घ्यायच्या आणि आमच्या घरची उन्हाळ्याची सगळी कुरडई त्या घालून द्यायच्या. पैशांचं नाव कुणी कधी काढलं नाही, आणि फुकटही कुणी काही घेतलं नाही. शेतात सावड असते ना, आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू, अगदी तसंच.

मला वाटतं तुझ्याकडे हेच हरवलंय. तू दोनच वाटा बघतेयस, एक तर मुकाट करत राहायचं, नाहीतर बिल लावायचं. पण जाऊबाईंना पैसे लावलेस तर त्या नाराज होतील आणि तुलाही ते पैसे बोचतील, आणि तसंही ४६ तासांचे कितीही कमी लावलेस तरी तो आकडा बाजारातल्या मशीनच्या स्वेटरच्या पुढेच जाणार, मग "एवढे?" असं कुणीतरी म्हणणार आणि तू परत रडणार. त्यापेक्षा जाऊबाईंकडे सावड माग. "वहिनी, करते मी तुमचा स्वेटर, लोकर आणि बटणं तुम्ही आणा, आणि महिनाभर मंगळवार-शुक्रवारचा स्वयंपाक तुमच्याकडे, म्हणजे मला तेवढा वेळ मिळेल." हे हसतहसत म्हणता येतं आणि खरंच म्हणायचं असतं. यातून दोन गोष्टी होतात. ज्यांना खरंच हवाय ते लोकर घेऊन येतात, आणि ज्यांनी नुसतं कौतुक म्हणून म्हटलं होतं ते येत नाहीत. आणि अगं, दुसरे बरेच असतात! "अय्या किती छान, मला पण एक कर ना" हे पुष्कळदा "छान झालंय" एवढंच असतं. त्याची ऑर्डर तू मनात केलीस. सातातल्या चारच पिशव्या आल्या तरी मला नवल वाटणार नाही.

ऑफिसातल्या मैत्रिणीचं थोडं वेगळं आहे. ती घरची नाही, तिला आकडा सांगायला हरकत नाही, लोकर आणि तासांचे मिळून एवढे होतील, आणि यंदा नाही तर पुढच्या हिवाळ्यात. पुढे-मागे पैसे घेऊन विणायचं असलं तर जरूर कर, कितीतरी बायका यावर घर चालवतात, त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त ते काम आहे हे धरून कर, त्याला तारीख असते, मापं असतात, तक्रारी असतात. तुला जो एक तास शांत करायचा तोच तास त्यासाठी देऊ नकोस, दुसरा काढ. आणि दुसरा निघत नसेल तर सध्या ते नको.

काकूंच्या तोरणाला मात्र मी हो म्हणेन, पण एका अटीवर, काकूंनी शेजारी बसून शिकायचं. क्रोशाला एकच हुक लागतो, साखळी, मुका खांब आणि खांब हे साधे टाके जमले की तोरणाची एक पट्टी होते, काकूंना आठवड्याभरात येईल. एकटीने काकूंसाठी केलं तर ती फर्माइश राहते, काकूंबरोबर केलं तर रविवारची दुपार छान जाते. माझ्या ओळखीत असंच सुरू होऊन आता चार जणी थंडीत दर रविवारी एकीच्या गच्चीत जमतात, शेंगा आणि हुरडा खात विणतात, आणि मजा म्हणजे आता त्यांच्याकडे कुणी काही मागत नाही, कारण मागणाऱ्याच विणायला लागल्यात.

आता नणंदेचं बाळ. हे कर, मनापासून कर, पण जरा विचार करून कर. बाळ फेब्रुवारीत येणार. आपल्याकडे महाशिवरात्रीला थंडी शिव शिव करत जाते म्हणतात, त्यानंतर नाशिकला ऊन तापायला लागतं, मार्च-एप्रिलमध्ये बाळाला सुती झबलं-टोपडंच बरं. म्हणजे तू आत्ता जीव तोडून नवजात बाळाच्या मापाचा लोकरीचा सेट केलास तर तो पंधरा दिवस वापरला जाईल आणि मग कपाटात जाईल, आणि पुढच्या दिवाळीला तू परत म्हणशील की घातलाच नाही. त्यापेक्षा सरळ दहा-बारा महिन्यांच्या मापाचा कर. पुढच्या थंडीत अंगात येईल, संक्रांतीला बोरनहाण होईल तेव्हा वरून घालायला होईल, आणि तुला यंदाची घाईही नाही, आरामात पावसाळ्यातही विणता येईल. आत्ता बाळंतविड्यात द्यायला सुती धाग्याचं पातळसं दुपटं पुरे. गळ्याला नाडी किंवा लांब दोरी नको, गळ्याशी आवळायची भीती असते, त्याऐवजी खांद्यावर बटणं कर आणि घट्ट शिव. मोठ्या भोकांची नक्षी नको, बाळाची बोटं अडकतात. आणि शेक-धुरी देणार असतील तर अक्रिलिकचं काहीही शेगडीच्या आसपास नको हे नणंदेच्या सासूबाईंनाही सांग. बाळासाठी धुवायला सोपं म्हणून अक्रिलिक ठीक आहे, फक्त आधी आपल्या गालाला घासून बघ, आपल्याला टोचलं तर बाळाला दुप्पट टोचणार. आणि या वेळी पिशवीत एक चिठ्ठी टाक, कसं धुवायचं, कसं वाळवायचं. निळ्या स्वेटरच्या वेळी एवढंच राहून गेलं असावं.

सासऱ्यांचा हाफ स्वेटर तू ठरव. पत्रात तू बाकी सगळ्यांबद्दल तक्रारीच्या सुरात लिहिलंयस, पण त्यांच्याबद्दल "ते पहाटे पाचला फिरायला जातात, कानटोपी पण जुनी झालीय" असं लिहिलंस, ते मला वेगळं वाटलं. त्यांच्यासाठी तुला करावंसं वाटतंय असं दिसतं. मग आधी कानटोपी कर. ११० टाके, साठेक ओळी, म्हणजे सहा तासांत, आठवड्याभरात होते, आणि डिसेंबरच्या पहाटे निफाडकडे द्राक्षांच्या बागांमध्ये शेकोट्या पेटवायची वेळ येते त्या थंडीत ती रोज डोक्यावर दिसेल. स्वेटर मागाहून बघू. त्या दोन टोप्याही सहा-सहा तासांच्याच आहेत, त्यांचं फार ओझं घेऊ नकोस.

अंगठ्याचं मात्र हलक्यात घेऊ नकोस. दोन-तीन आठवडे सुया पूर्ण खाली ठेव, आणि तरी दुखलं, किंवा बोटांना मुंग्या येतात, रात्री हात बधिर होतो असं काही असेल तर हाडांच्या डॉक्टरकडे जा, तेल चोळत बसू नकोस. बँकेत दिवसभर माऊस आणि रात्री सुई, तोच हात. परत सुरू करशील तेव्हा लांब सरळ सुयांऐवजी गोल सुया, म्हणजे वायरने जोडलेल्या दोन आखूड सुया घे, विणकामाचं सगळं वजन वायरवर राहून मांडीत येतं, मनगटावर येत नाही. दर वीसेक मिनिटांनी उठायचं, बोटं उघडझाप करायची. थंडीत बोटं आखडलेली असतात, आधी पाच मिनिटं कोमट पाण्यात हात धर. आणि आवळून विणत असशील तर सैल सोड. राग आला की टाके आवळले जातात, हे मी बऱ्याच जणींमध्ये बघितलंय, तुझे या महिन्यातले टाके बघ एकदा.

अशाच पत्रांमधून अजून एक गोष्ट वारंवार येते, ती इथेच सांगते. आजीच्या वेळच्या सुया आणि यूट्यूबवरचे पॅटर्न यांचे नंबर जुळत नाहीत. आपल्या जुन्या सुया ब्रिटिश नंबरच्या, नंबर वाढला की सुई बारीक होते, १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलीमीटर. अमेरिकन नंबर उलटे वाढतात, त्यांची १० नंबर म्हणजे ६ मिलीमीटर. त्यामुळे व्हिडिओत बघून आजीच्या सुईने विणलेली टोपी नारळालाही बसत नाही आणि बायका म्हणतात मला जमतच नाही. नंबर विसरा, मिलीमीटर बघा.

तू विचारलंस बंद करू का. माझ्या मते नको. तू विणकामाला कंटाळलेली नाहीस, कबूल करून करून थकलीयस. आणि अजून एक विचारते, रागावू नकोस. त्या फराळाच्या दिवशी सगळे तुझ्याभोवती जमून मला, मला करत होते तेव्हा तुला छान वाटलं ना? वाटणारच. वर्षानुवर्षं घरात आणि ऑफिसात कुणी तुझ्या हातच्या कशाचं असं कौतुक केलं नसेल. त्या कौतुकाला उत्तर म्हणून हो हो म्हणत गेलीस, आणि त्यात चूक काही नाही, पण कौतुकाला "थँक्यू" हेही उत्तर असतं. ते यंदा संक्रांतीला हळदीकुंकवात म्हणून बघ. कुणी म्हणालं मला पण एक, तर म्हण, "आवडलं ना, बरं वाटलं. यंदाच्या माझ्या सुया भरल्यात."

त्या खरोखर भरलेल्या असू देत. जांभळी लोकर पिशवीतून काढ. लडीत असेल तर नवऱ्याला समोर बसव, त्याच्या दोन्ही हातांत लड अडकव आणि गुंडे करून घे, अर्धा तास गप्पा होतील. अंगठा बरा झाला की शाल विणायला घे. रुंदीला टाके किती हे आधी १० सेंटिमीटरचा चौकोन विणून आणि गार पाण्यात बुडवून वाळवून मोज, खरी लोकर पाण्यातून काढल्यावर थोडी सैल होते. आणि पहिल्या ओळीचे टाके थोड्या जाड सुईवर घाल, नाहीतर कड आवळते आणि शाल खांद्यावर नीट पडत नाही.